पायउतार होण्याची विद्या



गेला आठवडाभर या व्यासपीठावरून अर्थकारण, नाट्यसंगीत, पाणीवाटप अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. आज सकाळी फाटकापाशी फळ्यावर आमचा विषय लिहिला जात होता. ‘उतारवयात मोठ्या मोटारसायकलवर चढणे व उतरणे’ ही अक्षरे वाचून दोन तरुण मोठ्याने हसले आणि पुढे गेले. त्यांचा आम्हांस राग आला नाही. २०१९ सालापूर्वी कोणी आमच्यापुढे हा विषय ठेविला असता, तर आम्हीही असेच हसलो असतो. चढणे आणि उतरणे ही काय व्याख्यानाची गोष्ट झाली? परंतु जी गोष्ट विनासायास होते तिचे शास्त्र आपण कधीच विचारीत नाही. ती होईनाशी झाली, म्हणजे मग विचारावे लागते. दातांचे तसे, झोपेचे तसे, आणि मोटारसायकलवर टांग टाकण्याचेही तसेच.

प्रथम आमचा अधिकार सांगावयास हवा. आम्ही पस्तीस वर्षे हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकविले. आमची सत्तरी आता उलटली आहे. १९७८ साली आम्ही पहिली बुलेट घेतली. इंग्लंडातील रेडिच गावची ही गाडी १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागली, आणि पुढे खुद्द रेडिचचा कारखाना बंद झाला तरी मद्रासची गाडी चालू राहिली. आमच्या त्या गाडीचा गिअर उजव्या पायाशी होता आणि मागचा ब्रेक डाव्या. किक मारण्यापूर्वी अँमीटरचा काटा पाहावा लागे, डिकॉम्प्रेसरची कळ दाबून पिस्टन नेमक्या जागी आणावा लागे, आणि यात चूक झाली तर किक उलटून पिंढरीवर बसे. ती गाडी आम्ही छत्तीस वर्षे वापरली. २०१४ साली नवी घेतली. ती ३५० सीसीचीच, पण बटण दाबताच सुरू होणारी, गिअर डावीकडे असलेली, आणि पेट्रोल भरल्यावर सुमारे १९० किलो वजनाची. हात आणि पाय नव्या व्यवस्थेस दोन महिन्यांत सरावले. त्यावरून आम्हांस वाटले की, आपले शरीर अजून शिकण्याजोगे आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही. येथेच आमची पहिली चूक झाली.

मराठी भाषा या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणी आहे. सायकलवर किंवा मोटारसायकलवर आपण ‘टांग टाकतो’. घोड्यावर ‘मांड ठोकतो’. या दोन्ही शब्दप्रयोगांत तारुण्याची रग आहे. उतरण्यासाठी मात्र भाषेने ‘पायउतार होणे’ असा शांत शब्द योजिला, आणि तोच शब्द पद सोडणाऱ्या मंत्र्यासही लाविला. त्याचा अर्थ इतकाच की, वर जाणे जोराचे काम आहे आणि खाली येणे विचाराचे. म्हातारपणालाही आपण उतारवय म्हणतो. उतारावर गाडी कशी उभी करावी हे ज्यास ठाऊक नाही, त्याने त्या वयात मोठ्या गाडीच्या वाटेस जाऊ नये. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे. बाकीचे सारे त्याचे विवरण.

आता घडलेली गोष्ट सांगतो. २०१९ सालच्या कार्तिकात आम्ही उभयता पुण्याहून वाईस निघालो होतो. खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूर फाट्याच्या अलीकडे चहासाठी थांबलो. जागा रस्त्याच्या कडेची, मुरुमाची, आणि पुढच्या अंगास किंचित उतरती. आमच्या सौभाग्यवती नेहमीप्रमाणे आधी उतरल्या आणि गाडीच्या डाव्या बाजूस उभ्या राहून पदर सारखा करू लागल्या. मागे कॅरिअरवर कपड्यांची बॅग बांधलेली होती, चांगली हातभर उंच. आम्ही गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून बंद केली, टाचेने साइड स्टँड ढकलला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने उजवा पाय मागून फेकला. तो बॅगेस अडला. पाय धड इकडे नाही, धड तिकडे नाही, अशा अवस्थेत आम्ही डाव्या पायावर दोन लंगड्या घातल्या. तोल सावरण्यासाठी हँडल ओढले, त्यासरशी गाडी पुढे सरकली, अर्धवट पडलेला स्टँड मागे मिटला, आणि गाडी आम्हांसह डावीकडे आली. आम्हांस सावरण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. आम्ही सावरलो गेलो नाही. त्या मात्र मागे पडल्या. पडताना तळहात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले.

आम्हांस कोपराला खरचटण्यापलीकडे काहीही झाले नाही. ही गोष्ट आम्हांस अजून लाजविते.

सहा आठवडे त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. त्या दिवसांत त्यांची वेणी आम्ही घालीत असू. जो तो येऊन सांगे की, आता गाडी विका. मुलगा बंगळूरहून फोनवर तेच सांगे. शेजारचे एक गृहस्थ तर गिऱ्हाईक घेऊनच आले. आम्ही मनातून विकावयास तयार झालो होतो. तेव्हा एके संध्याकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, गाडी चालवता येते तुम्हांला. उतरता येत नाही. ते आधी शिका. मग विकायची की नाही ते बघू.” आमच्या पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत एखाद्या विद्यार्थ्याचा दोष इतक्या थोड्या शब्दांत आम्हांस कधी सांगता आला नाही.

आम्ही वही घेऊन बसलो आणि त्या प्रसंगातील चुका लिहून काढिल्या. गाडी गिअरमध्ये नव्हती, ही पहिली. स्टँड शेवटपर्यंत गेला की नाही हे पाहिले नाही, ही दुसरी. तोंड उताराकडे करून गाडी उभी केली, ही तिसरी. बॅग उंच बांधली, ही चौथी. आणि पाचवी, सर्वांत मोठी, ती ही की, आम्ही पासष्टी उलटल्यावर पंचविशीतला पाय फेकला. पहिल्या चार चुका गाडीच्या आहेत. त्या एका दिवसात सुधारतात. पाचवी स्वभावाची आहे.

आता थोडे पदार्थविज्ञान. चालत्या गाडीचा तोल बऱ्याच अंशी गाडीच सांभाळते. ती डावीकडे कलली की पुढचे चाक डावीकडे वळते आणि गाडीला पुन्हा आपल्याखाली घेते. म्हणून वेगात असताना म्हातारा स्वार आणि तरुण स्वार यांत फारसा भेद दिसत नाही. नजर आणि सावधगिरी शाबूत असली म्हणजे झाले. गाडी थांबली की हे साहाय्य संपते. चालत्या गाडीला चाके सांभाळतात, उभ्या गाडीला पाय. आणि म्हातारपण प्रथम पायांतच येते.

उभी गाडी सरळ असेल तर तिचे वजन जवळजवळ सारे चाकांवर असते. हातास काहीच लागत नाही. ती कलू लागली की हिशेब बदलतो. गाडी १९० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंचीवर, असे ढोबळ मानाने धरा. दहा अंश कलली तर हँडलपाशी सुमारे १६ किलोचा जोर लागतो. तेवढा कोणीही देईल. तीस अंशांस तो सुमारे ४७ किलो होतो, आणि पंचेचाळीस अंशांस ६७. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, गाडी सरळ ठेवणाऱ्यास ताकद थोडी पुरते. दुसरी, एका मर्यादेपलीकडे कललेल्या गाडीस कोणाचाही हात पुरत नाही, मग तो पैलवानाचा असो की बायकोचा. पडणारी गाडी पडू द्यावी. लोखंड सरळ करणारे कारागीर गावोगाव आहेत. मनगट तितके स्वस्त नाही. आमच्या घरी आता हा नियमच आहे. गाडी कलली की ज्याने त्याने दूर व्हावे, हात देऊ नये.

पदार्थविज्ञान झाले, आता शरीर. गाडीवर चढताना आणि उतरताना एक क्षण असा येतो की, सारे अंग डाव्या पायावर असते आणि उजवा पाय अधांतरी जातो. त्या क्षणी कंबर समतल ठेवण्याचे काम डाव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू करितात. ते दुबळे झाले की कंबर एका अंगास झुकते, आणि मनुष्य पाय उचलण्याऐवजी फेकू लागतो. उचललेला पाय आपल्या ताब्यात असतो. फेकलेला पाय जेथे आदळेल तेथे आदळतो.

आपण लहानपणी लंगडी खेळलो. त्या खेळाची परीक्षा म्हातारपणी पुन्हा द्यावी लागते. ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील संशोधकांनी ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १७०२ माणसांना एका पायावर दहा सेकंद उभे राहावयास सांगितले. पाचांपैकी सुमारे एकास ते साधले नाही. पुढील काही वर्षांत, ज्यांस ते साधले नव्हते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. एका पायावर उभे न राहिल्याने माणूस मरतो असा याचा अर्थ कोणी करू नये. तोल हा साऱ्या शरीराच्या प्रकृतीचा काटा आहे, आमच्या जुन्या गाडीच्या अँमीटरसारखा. तो काय दाखवितो ते पाहून निघावे, एवढेच. आणि आणखी एक निरीक्षण. जमिनीवर पंगतीला मांडी घालून बसणे आणि हात न टेकता उठणे हे आपल्या घराघरांतून गेले. मांडी घालताना खुबा बाहेर उघडतो. गाडीवर पाय टाकताना तो तसाच उघडावा लागतो. टेबलावर जेवणाऱ्याने हा व्यायाम निराळा करावयास हवा.

गाडी कोणती असावी, हेही पुष्कळजण विचारतात. लोक वजन विचारतात, पण चढण्याची अडचण वजनाची नसते, उंचीची असते. वजनाची अडचण गाडी मागे ढकलताना आणि तोल गेल्यावर येते. सध्याच्या बुलेट ३५० ची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर आहे आणि वजन सुमारे १९५ किलो. त्याच कारखान्याची मीटिअर ३५० वजनाने जवळजवळ तितकीच, पण तिची सीट ७६५ मिलिमीटर. चार सेंटिमीटर म्हणजे बोटे दोन-अडीच. पण ज्याचा खुबा आखडला आहे त्यास विचारा, ती दोन बोटे म्हणजे केवढा डोंगर आहे. होंडाची गोल्ड विंग साडेतीनशे किलोच्याही वर भरते. पण तिची सीट बुलेटपेक्षा खाली आहे आणि तिला मागे जाण्याची सोयही दिलेली आहे. तिच्या कारखानदारांनी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचा विचार केलेला दिसतो. हत्ती माहुतासाठी बसतो. उंट स्वारासाठी बसतो. घोडा आणि मोटारसायकल बसत नाहीत. तेथे स्वारासच सोय पाहावी लागते.

ही सोय आम्ही कशी पाहिली ते आता सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. रस्ते बंद झाले, आणि आमची शाळा अंगणात सुरू झाली. रोज सकाळी गाडी अंगणात आणावयाची, इंजिन सुरू करावयाचे नाही, आणि वीस वेळा चढावयाचे, वीस वेळा उतरावयाचे. सौभाग्यवती पायरीवर बसून पाहत, आणि बूट सीटला लागला की “लागला” एवढेच म्हणत. पहिल्या आठवड्यात तो शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकला की शेजारच्या मुलांनी तो उचलला.

चढण्याची रीत अशी. प्रथम जमीन पाहावी. वाळू, मुरूम, ओले शेवाळ, तेलाचा ओघळ यांवर डावा पाय टेकू नये. जमीन उजवीकडे उतरती असेल तर साइड स्टँडवरची गाडी फार सरळ उभी राहते आणि धक्क्याने उजवीकडे जाते. फार डावीकडे उतरती असेल तर इतकी कलते की बसल्यावर उचलत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये असावी आणि हँडल डावीकडे वळविलेले. मग गाडीच्या डाव्या अंगास, टाकीला लागून उभे राहावे. उजव्या हाताने पुढचा ब्रेक घट्ट धरावा, डावा हात डाव्या मुठीवर. आता दूर उभे राहून पाय फेकण्याऐवजी अंग टाकीवर पुढे झुकवावे, उजवा गुडघा दुमडावा, टाच वर घ्यावी आणि दुमडलेलाच पाय सीटवरून पलीकडे न्यावा. सरळ पायास जेवढी उंची लागते त्याहून दुमडलेल्या पायास पुष्कळ कमी लागते, आणि अंग पुढे झुकले की मागचा पाय आपोआप वर येतो. लोलकाचा दांडा आखूड केला की त्यास फिरण्यास जागा थोडी लागते, हे आम्ही वर्गात सांगत असू. स्वतःच्या पायास सांगावयाचे राहून गेले होते. उजवा पाय जमिनीस लागला, नीट बसलो, मग गाडी सरळ करावी, आणि ती सरळ झाल्यावरच स्टँड मिटवावा.

ज्यांचा खुबा इतकाही उघडत नाही त्यांनी उजवा गुडघा आधी सीटवर ठेवावा आणि मग पाऊल पलीकडे सरकवावे. कोणी उजव्या हाताने विजारीचा पायंचा धरून पाय ओढून नेतात. पण मग ब्रेक सुटतो, म्हणून गाडी गिअरमध्ये असणे तेथे दुप्पट महत्त्वाचे. पुष्कळजण घोड्याच्या रिकिबीत पाय द्यावा तसा डाव्या फूटरेस्टवर उभे राहून टांग टाकतात. त्यात दिसावयास रुबाब आहे. पण त्या क्षणी गाडीचा भार आणि आपला भार सारा एका बारीक साइड स्टँडवर येतो. आमचे वजन ऐंशी किलो आहे. आम्ही हा प्रयोग बंद केला.

सर्वांत सोपा उपाय सर्वांत शेवटी सुचला, कारण तो मानी माणसास सुचत नाही. अंगणात आम्ही विटांचा एक वीतभर उंचीचा ओटा बांधून घेतला. त्यावर उभे राहिले की ८० सेंटिमीटरची सीट साठ-पासष्टाची होते. मनातील अडचण अशी होती की, ओट्यावरून गाडीवर बसणारा म्हातारा लोकांस दिसेल. दिसू द्यावा. देवळाच्या पायऱ्या उंच झाल्या की आपण कठडा धरितो. त्याने देव रागावत नाही. गावाबाहेर गेलो म्हणजे पदपथाची कड किंवा दुकानाची पायरी पाहून गाडी तिच्या शेजारी लावितो. तेवढ्याने काम होते.

आता उतरणे, आणि आमच्या मते खरी विद्या तीच. चढताना मनुष्य ताजा असतो. उतरताना तो दोन तास बसलेला असतो; गुडघे आखडलेले, पाय बधिर, आणि मन चहाकडे लागलेले. म्हणून उतरण्याचा विचार थांबण्यापूर्वीच करावा. जागा सपाट हवी, निदान तोंड चढाकडे हवे. थांबताना हँडल सरळ असावे. हळू चालणाऱ्या गाडीचे हँडल वळवून पुढचा ब्रेक दाबिला की ती त्याच अंगास लोळण घेते. दोन्ही पाय टेकले, गाडी सरळ धरली, की मागच्यास “उतरा” असे मोठ्याने सांगावे. सांगितल्यावाचून मागच्याने हलू नये. आपल्याकडे साडी नेसलेल्या स्त्रिया एका अंगास बसतात. त्यांच्यासाठी हाताची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकावर निम्म्याहून कमी नाही असे आच्छादन असावे, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेच आहे. पण त्या उतरताना सारा भार डावीकडे जातो, हे नियमात लिहिलेले नाही. ते स्वाराने जाणावे. आणि उतरलेल्या माणसाने गाडीच्या डावीकडे उभे राहू नये. चार पावले मागे जावे. हे वाक्य सांगण्यासाठी आम्हांस किती किंमत द्यावी लागली ते आपण ऐकलेच आहे.

यानंतर इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये घालावी, आणि क्लच सोडून ती इंचभर पुढे सरकवून अडते की नाही ते पाहावे. स्टँड पायाने पुढे, अगदी शेवटपर्यंत ढकलावा, आणि नुसत्या पायावर विश्वास न ठेवता डोळ्यांनी पाहावा. गाडी त्यावर टेकवावी, हँडल डावीकडे वळवावे. आणि मग काहीही करू नये. आम्ही या ठिकाणी दहा आकडे मोजतो. घोटे फिरवितो, गुडघे हलवितो, हेल्मेट काढितो. पायांत रक्त फिरले की पुढचा ब्रेक धरून, अंग पुढे झुकवून, दुमडलेला उजवा पाय सावकाश अलीकडे आणतो; आणि तो जमिनीस लागेपर्यंत दोन्ही हात मुठींवरून काढीत नाही. मागे बॅग असेल तर ती आता सीटच्या दोन्ही बाजूंस लोंबणारी असते. उंच बोजा आम्ही कायमचा सोडला.

इतके करूनही गाडी पडलीच, तर उचलण्याची घाई करू नये. प्रथम चावी बंद करावी. दोन माणसे मिळत असतील तर वाट पाहावी. आपल्या देशात रस्त्यावर पडलेली गाडी उचलावयास माणसे न मिळणे कठीण. एकट्यासच उचलणे भाग पडले तर कमरेतून वाकून ओढू नये. गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसावे, एक हात हँडलच्या खालच्या टोकास आणि दुसरा मागच्या दांड्यास लावावा, पाठ ताठ ठेवावी, आणि मागे मागे लहान पावले टाकीत मांड्यांच्या जोराने गाडी वर न्यावी. गाडी उजवीकडे पडलेली असेल तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड काढून ठेवावा. नाही तर वर आलेली गाडी पलीकडे जाते आणि सारे पुन्हा प्रथमपासून.

हे सर्व ऐकून कोणी विचारील, आणि विचारावेच, की एवढी यातायात करावयाची कशासाठी? त्याचे उत्तर आम्ही युक्तिवादाने देऊ शकत नाही. पहाटे घाट ओलांडून खाली आल्यावर उसाच्या शेतांतून थंड वारा अंगावर येतो, आणि मागे बसलेले माणूस काही न बोलता खांद्यावर हात ठेविते. मोटारीत हे मिळत नाही असे नाही; पण आम्हांस ते येथे मिळाले. ते टिकावे असे वाटते. आणि टिकवावयाचे तर त्याचा शेवट कोठे करावयाचा हेही आपणच ठरविले पाहिजे.

सरकार ते ठरवीत नाही. चाळिशी उलटलेल्यास परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पंचावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना पाच-पाच वर्षांपुरताच मिळतो. त्या दाखल्यात डोळ्यांची, कानांची, हातापायांतील व्यंगाची विचारपूस आहे. पावणेदोनशे-दोनशे किलोच्या गाडीवरून तुम्ही उतरता कसे, हा प्रश्न त्यात नाही. आणि पाच वर्षे हा काळ पंचविशीत थोडा असला तरी सत्तरीत फार मोठा आहे.

म्हणून आम्ही घरातच एक करार केला. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेस तीन परीक्षा. पहिली, प्रत्येक पायावर, कशासही हात न लाविता, दहा सेकंद उभे राहणे. दुसरी, साइड स्टँडवरची गाडी एकट्याने सरळ करून सपाटीवर दहा पावले मागे नेणे. तिसरी, लागोपाठ दहा वेळा चढणे-उतरणे, बूट सीटला न लाविता. एकीतही चुकले तर महिनाभर किल्ली खिळ्यावर. लागोपाठ दोन महिने चुकले तर गाडी विकावयाची, आणि त्यावर अपील नाही. परीक्षक सौभाग्यवती. मनगट त्यांचे मोडले, तेव्हा न्यायासनही त्यांचेच. पाऊस-पाण्याचे वा आजाराचे महिने सोडले तर ही परीक्षा २०२० पासून चालू आहे.

या महिन्याच्या एक तारखेस दुसरी आणि तिसरी परीक्षा आम्ही बरी दिली. पहिलीत उजवा पाय उत्तीर्ण झाला. डाव्या पायावर सौभाग्यवती मोजत होत्या. सात, आठ, नऊ. आणि आमचे बोट खांबास लागले. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीच आत गेलो आणि किल्ली खिळ्यास अडकविली. त्यामुळे आज आपल्यापुढे आम्ही रिक्षाने आलो आहोत. रोज दात घासताना डाव्या पायावर उभे राहतो, आणि पुढच्या एक तारखेची वाट पाहतो. दहा झाले तर निघू. न झाले तर ज्या शब्दाने या व्याख्यानास आरंभ केला, त्या शब्दाप्रमाणे वागू. गाडीने आम्हांस पाडण्यापूर्वी आम्ही आपल्या पायांनी उतरलो, इतके तरी म्हणता यावे.

तरुण श्रोत्यांस एकच विनंती. आपल्या घरी असा कोणी म्हातारा स्वार असेल तर त्याची किल्ली लपवू नका, आणि त्याची टिंगलही करू नका. एका सकाळी अंगणात त्याच्याजवळ उभे राहा आणि दहापर्यंत मोजा. आकडे खरे मोजा, एवढेच.

आमचे बोलणे संपले. या व्यासपीठास तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, हे आम्ही चढतानाच पाहून ठेविले आहे. चिटणीसांनी हात पुढे केला तर आम्ही नाही म्हणणार नाही. आम्ही पायउतार होतो.